कागदोपत्री मुलगे

श्रोतेहो, नमस्कार.

तुमच्या गावात घरांच्या ओळी किती? दुसऱ्या ओळीतल्या तिसऱ्या घरात कोण राहतं? विहीर कुठल्या बाजूला? तांदळाचा रांजण घरात नेमका कुठे ठेवलेला असतो? आजीचे पाय, जुन्या चिनी रीतीप्रमाणे, बांधलेले होते का?

सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या एंजल बेटावर, परदेशातून येणाऱ्यांची तपासणी करणाऱ्या ठाण्यात, चीनहून आलेल्यांना हे प्रश्न विचारले जायचे. उत्तरं द्यायला पुष्कळदा बारा-चौदा वर्षांचा मुलगा असायचा. समोर अमेरिकन सरकारचे अधिकारी, शेजारी दुभाषा, आणि शब्दन् शब्द टिपून घेणारा लघुलेखक. जबानी दोन-दोन, तीन-तीन दिवस चालायची. मग आधीपासून अमेरिकेत राहणाऱ्या त्याच्या वडिलांना वेगळं बसवून तेच प्रश्न विचारायचे. उत्तरं जुळली नाहीत, तर मुलाची रवानगी परतीच्या बोटीत.

आपल्यापैकी कितीजण आजोळच्या घराच्या पायऱ्या न चुकता सांगतील? आणि पंधरा वर्षं परमुलखात राबणाऱ्या बापाने तोच आकडा सांगितला पाहिजे! खरे बापलेकही इथे अडकायचे. म्हणून खरी मुलंसुद्धा बोटीवर उत्तरं पाठ करत यायची आणि किनारा दिसायला लागला की पाठांतराच्या वह्या समुद्रात फेकून द्यायची.

इतका अविश्वास कशासाठी? याच देशाने काही दशकांपूर्वी चिनी माणसांना मजुरीसाठी हवंहवंसं म्हटलं होतं. कॅलिफोर्नियात सोनं सापडल्यावर दक्षिण चीनमधल्या ग्वांगदोंग प्रांतातून, विशेषतः ताइशानच्या आसपासच्या गरीब खेड्यांतून, तरुण तिकडे निघाले. कॅलिफोर्नियाला ते ‘सोन्याचा डोंगर’ म्हणत. पुढे सेंट्रल पॅसिफिक कंपनीने रेल्वेमार्गासाठी हजारो चिनी मजूर घेतले. सिएरा नेवाडाच्या कातळातून बोगदे त्यांनी खणले, बर्फाच्या कड्यांखाली ते गाडले गेले. गोऱ्या मजुरांना कंपनीचं जेवण मिळे, चिन्यांना मात्र पगारातून स्वतःची सोय करावी लागे. जून १८६७ मध्ये हजारोंनी संप केला, तेव्हा कंपनीने डोंगरातल्या त्यांच्या वस्त्यांचा शिधाच तोडला. आठवडाभरात संप मोडला. १० मे १८६९ रोजी दोन्हीकडचे रूळ जुळले.

मग मंदी आली, कामं कमी झाली, आणि दोष चिनी माणसावर आला. १८७५ च्या कायद्याने चिनी बायकांचं येणं जवळजवळ थांबलं. ६ मे १८८२ रोजी चिनी मजुरांना देशात यायलाच बंदी करणारा कायदा झाला. व्यापारी, विद्यार्थी, शिक्षक, मुत्सद्दी एवढ्यांना सूट. जे आत होते त्यांना नागरिक होता येईना. पुरुष इकडे, बायको-मुलं तिकडे, अशी घरं पिढ्यान् पिढ्या दुभंगून राहिली.

या भिंतीला एक फट होती. सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला वाँग किम आर्क नावाचा स्वयंपाकी चीनला जाऊन परत आला, तेव्हा त्याला बंदरावरच अडवलं. तो कोर्टात गेला. २८ मार्च १८९८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: अमेरिकेच्या भूमीवर जन्मला तो अमेरिकेचा नागरिक, आईबाप कुठलेही असोत. पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी गेलेल्या कितीतरी मराठी जोडप्यांची तिकडे जन्मलेली मुलं याच निकालाच्या आधारावर अमेरिकन नागरिक झाली. आपण त्या स्वयंपाक्याचं देणं लागतो आणि आपल्याला त्याचं नावही ठाऊक नसतं, याची मला खंत वाटते.

नंतर १८ एप्रिल १९०६ चा भूकंप झाला. त्यामागून लागलेल्या आगीत शहराची जन्माची दप्तरं जळाली. आता कोणीही म्हणू शकत होता, की माझा जन्म इथलाच. आणि नागरिकाची चीनमध्ये जन्मलेली मुलंही नागरिकच! माणूस गावी जाऊन यायचा आणि अधिकाऱ्यांपुढे मुलगा झाल्याची नोंद करायचा. मुलगा झालेला असो वा नसो, त्या नावाची एक जागा कागदावर तयार व्हायची. ती जागा पुतण्याला द्यायची, नाहीतर विकायची. मुलाच्या वयाच्या दर वर्षामागे साधारण १०० डॉलर असा भाव होता. असे आलेले ते ‘कागदोपत्री मुलगे’. कर्ज काढून, परक्याचं आडनाव लावून, परक्याच्या आजीची माहिती घोकून ते एंजल बेटावर उतरायचे.

याला फसवणूक म्हणायला माझं मन तयार होत नाही. कष्ट करायची तयारी असलेल्या माणसाला सरळ दार बंद करायचं आणि तो आडवाटेने आला की खोटारडा म्हणायचं, यातला खोटेपणा मला कायद्यातच दिसतो.

चौकशी होईपर्यंत मुक्काम लाकडी बराकीत. पुरुष वेगळे, बायका वेगळ्या, खिडक्यांना जाळ्या. कोणी काही आठवडे, कोणी महिनोन् महिने. वडिलांना, नवऱ्याला भेटायची मुभा नाही. पुरुषांच्या बराकीत भिंतीच्या फळ्यांवर कविता कोरल्या गेल्या. चीनच्या तांग राजवटीतल्या जुन्या पद्धतीच्या, बहुतेक चार किंवा आठ ओळींच्या, ओळीत पाच किंवा सात अक्षरं. खाली सहसा नाव नाही, कारण नाव देणं धोक्याचं. घरची ओढ, अपमानाचा संताप, दुबळ्या मायदेशाचं दुःख असं सगळं त्यांत आहे. फारसं न शिकलेल्या खेडुतांना कवितेचं हे वळण अवगत होतं, हे कळल्यावर मी थक्क झालो. अधिकाऱ्यांनी भिंतींवर पुनःपुन्हा रंग फासला. कोरीव रेघा तरी राहिल्याच.

१९४० मध्ये तिथली मुख्य इमारत आगीत जळाली आणि ठाणं हलवलं गेलं. १९७० साली पाडायला काढलेल्या बराकीत, बेटावर झालेल्या उद्यानाच्या एका रक्षकाला ती अक्षरं दिसली. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी कुटुंबांनी नेट लावला, १९७६ मध्ये राज्याने निधी दिला आणि बराक वाचली. आजवर दोनशेहून अधिक कविता नोंदल्या गेल्या आहेत.

बंदीचा कायदा १९४३ मध्ये उठला, तोही युद्धात चीन मित्रराष्ट्र झाला म्हणून. आणि वर्षाला किती चिन्यांना प्रवेश? १०५. खरं दार उघडलं ते १९६५ च्या कायद्याने. आपली मराठी माणसं मोठ्या संख्येने अमेरिकेत गेली, तीही त्यानंतरच.

पण कागदोपत्री मुलांची भीती संपली नव्हती. १९५६ मध्ये सरकारने कबुलीची योजना आणली. खरं नाव सांगा, बहुधा राहू देऊ. मात्र एकाने तोंड उघडलं की त्याच्या कागदावरचे बाप, भाऊ, काका सगळे उघडे पडत. घराघरांत भांडणं झाली. अनेकांनी मरेपर्यंत मुलांनाही सांगितलं नाही. काही थडग्यांवर इंग्रजीत कागदावरचं आडनाव आहे आणि चिनी अक्षरांत खरं.

त्या जबान्यांच्या फायली आज कॅलिफोर्नियात सॅन ब्रूनोच्या सरकारी अभिलेखागारात आहेत. नातवंडं तिथे जाऊन आजोबांची फाइल मागवतात. शंभर-शंभर पानांची प्रश्नोत्तरं, कधी गावाचा हाताने काढलेला नकाशा. त्यातलं कुठलं गाव आपलं आणि कुठलं विकत घेतलेलं, हे मात्र फाइल सांगत नाही. ते विचारायला काहीजण नकाशाची प्रत घेऊन ताइशानच्या खेड्यांत जातात आणि तिथल्या वृद्धांना आपलं खरं आडनाव विचारतात.