जामीन झाला, सुटका नाही

(दृश्य : न्यायालयाचा व्हरांडा, भिंतीवर लावलेला दिवसाच्या खटल्यांचा तक्ता)

घरकाम करणारी एक बाई आहे असं समजा. मालकाच्या घरातले दागिने चोरल्याचा आरोप, आयुष्यातला पहिलाच गुन्हा. न्यायालय जामीन मंजूर करतं : पंचवीस हजारांचा जातमुचलका, म्हणजे तारखांना हजर राहण्याची तिने स्वतः दिलेली लेखी हमी, आणि तेवढ्याच रकमेची तिची हमी घेणारा एक जामीनदार. आदेश निघतो, पण जामीनदार मिळत नाही आणि बाई भायखळ्याच्या महिला कारागृहातच राहते.

कायदा बाईच्या बाजूने आहे, असं सर्रास म्हटलं जातं. कागदावर ते खरंही आहे. अपवादात्मक परिस्थिती नसेल तर सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी तिला अटक करता येत नाही. तशी वेळ आलीच, तर महिला पोलीस अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्यावी लागते. जन्मठेपेची शिक्षा असलेल्या गंभीर गुन्ह्यातही ती स्त्री आहे म्हणून जामीन देता येतो. देता येतो, द्यावाच, असं मात्र नाही.

(दृश्य : तहसील कार्यालयाची खिडकी, हातात कागदांची पिशवी)

आता जामीनदार शोधा. त्याचं आधार, शिधापत्रिका, पगारपत्रक किंवा घरपट्टीची पावती लागते. अनेक ठिकाणी तेवढी रक्कम भरण्याची त्याची ऐपत आहे, असा तहसीलदारांचा दाखलाही मागतात. त्यासाठी अर्ज, सातबारा, तलाठ्याचा अहवाल. एखादा कागद कमी पडला की खेप फुकट, आणि त्या दिवसाची मजुरीही गेली.

पुरुष आत असतो तेव्हा या खेपा बहुतेक वेळा त्याची आई किंवा बायको घालते. वकील तीच गाठते, तुरुंगात भेटायला तीच येते, मंगळसूत्र गहाण टाकायची वेळ आली तर तेही तीच टाकते. बाई आत गेली की हे करणारं माणूसच उरत नाही. सासरचे अनेकदा तोंड फिरवतात. काही प्रकरणांत तर फिर्यादी तेच असतात. माहेरच्या सातबाऱ्यावर भावांची नावं असतात, कारण तिने हक्कसोडपत्रावर कधीच सही करून दिलेली असते. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान वाटा दिला, पण जामिनाच्या टेबलावर तो दाखवायला कागदावर नाव लागतं. शिवाय ती परप्रांतातून आलेली असेल, तर स्थानिक जामीनदार कुठून आणणार? परजिल्ह्यातला म्हणून जामीनदार नाकारू नका, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच मोतीराम प्रकरणात बजावलं होतं.

(दृश्य : कारागृहाचं दार, बाहेरून)

३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातल्या कारागृहांत २३,७७२ स्त्रिया होत्या, एकूण कैद्यांच्या चार टक्क्यांच्या आसपास. संख्या कमी, म्हणून व्यवस्था पुरुषांच्या मापाची. स्वतंत्र महिला कारागृहं मोजकीच. बाकी ठिकाणी पुरुषांच्या तुरुंगातच भिंत घालून केलेली एखादी बराक. त्याच दिवशी १,५३७ स्त्रियांसोबत १,७६४ मुलं आत होती. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निकालाप्रमाणे मूल सहा वर्षांचं होईपर्यंत आईजवळ राहू शकतं. पुढे नातेवाइकांकडे किंवा संस्थेत. जामीनदार न मिळाल्याचा दिवस त्या मुलाच्याही हिशेबात धरायला हवा.

नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ सांगतं, की पहिल्याच गुन्ह्यातल्या कच्च्या कैद्याने, म्हणजे ज्याचा खटला अजून संपलेला नाही अशाने, कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, की त्याला सोडायला हवं. अर्ज कारागृह अधीक्षकांनी करायचा. चांगली तरतूद आहे. पण नोकराने मालकाच्या घरात केलेल्या चोरीला कमाल सात वर्षं आहेत. म्हणजे आपल्या या बाईला ही सवलत लागू होणार दोन वर्षं चार महिन्यांनी. तोवर थांबणं हा उपाय होऊ शकत नाही.

(दृश्य : वकील अर्ज लिहिताना, जवळून)

उपाय आदेशातच शोधावा लागतो. जामिनाच्या अर्जातच वकिलाने मागावं : जामीनदाराऐवजी वैयक्तिक जातमुचलका, किंवा जामीनदार मिळेपर्यंत तात्पुरता रोख जामीन. नुसता ‘जामीन द्यावा’ असा अर्ज टाकला, तर जामीनदाराची नेहमीची अट येते आणि ती बदलून घ्यायला पुन्हा तारीख लागते.

३१ जानेवारी २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनुसार जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने कारागृहात पोहोचली पाहिजे. सात दिवसांत सुटका झाली नाही, तर अधीक्षकांनी मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिना उलटला, तर न्यायालय स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकतं. गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजनाही आहे. २०२३ च्या मूळ निकषांत कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४० हजारांपर्यंत मदत होती. पण पैसा रोख जामिनाला उपयोगी पडतो. आदेशात जामीनदार माणूसच मागितला असेल, तर आधी तो आदेश बदलून घ्यावा लागतो, आणि नेमकं इथेच प्रकरण अडून बसतं.

विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो. उत्पन्नाची अट नाही. घरच्यांनी किंवा शेजारणीने १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी चालतो. फोनवर तीन गोष्टी सांगा : कारागृहाचं नाव, खटल्याचा क्रमांक, जामीन मंजूर झाल्याची तारीख. सात दिवसांची मोजणी त्या तारखेपासून सुरू होते.