बातमीत काय राहून गेलं?

नमस्कार श्रोतेहो.

मंडळाचा कार्यक्रम असो की कुणाच्या घरचं पॉटलक, जेवणं उरकून चहा फिरायला लागला की इथे कॅनडात आपल्याकडे राजकारण निघतंच. आणि पाचच मिनिटांत गाडी माध्यमांवर येते. एक जण म्हणतो, सीबीसी ही सार्वजनिक वाहिनी सरकारच्या पैशावर चालते, ती सत्ताधारी लिबरलांचीच तळी उचलणार. दुसरा म्हणतो, नॅशनल पोस्ट हे वृत्तपत्र उघडून बघा, पानोपानी विरोधी कॉन्झर्व्हेटिव्हांचा प्रचार आहे. आवाज चढतात, कुणीतरी विषय क्रिकेटकडे वळवतं आणि वाद अर्धवट राहतो.

हा वाद व्हायला हवा, असंच मला वाटतं. ज्या देशात आपण कर भरतो, मुलं वाढवतो, त्या देशाच्या कारभारावर आपण भांडायचं नाही तर कुणी? पण आपला सगळा जोर ‘कोण कुणाचा माणूस’ एवढ्यावरच जातो. इथल्या मोठ्या वृत्तसंस्था सहसा धडधडीत खोटं छापत नाहीत. वाचकाची दिशाभूल होते ती बातमीतून जे राहून जातं त्यामुळे. आणि ते शोधायला पक्ष कामाचा नाही, मूळ कागद लागतो.

कार्बन टॅक्सचंच, म्हणजे इंधनाच्या प्रदूषणावरच्या कराचंच घ्या. २०१९ मध्ये हा केंद्राचा कर आपल्या ऑंटारियो प्रांतात लागू झाला आणि पुढे दर १ एप्रिलला वाढत गेला. एप्रिल २०२४ मध्ये तो कार्बन उत्सर्जनाच्या टनामागे ८० डॉलर झाला, म्हणजे पंपावर लिटरमागे १७.६ सेंट. जमलेल्या पैशांतला मोठा भाग सरकार घरोघरी परत करायचं. ऑंटारियोतल्या चौघांच्या कुटुंबाला त्या वर्षी दर तिमाहीला २८० डॉलर मिळायचे. आता गंमत नाही, दुःखाची गोष्ट सांगते. पंपावरचा आकडा गाडी भरताना दर वेळी डोळ्यांसमोर यायचा, आणि परतावा मात्र तीन महिन्यांतून एकदा थेट खात्यात पडायचा. प्रत्येक बँकेच्या स्टेटमेंटवर त्याचं नाव वेगळं, आणि बरेचदा कशाचे पैसे आहेत हे कळू नये असं. शेवटी सरकारला बँकांच्या मागे लागून ते नाव नीट छापून घ्यावं लागलं. तोवर कित्येक घरांना आपल्याला परतावा मिळतो हेच ठाऊक नव्हतं. माझ्या ओळखीतले, हिशेबाला पक्के असलेले लोकसुद्धा हे पैसे जीएसटीचे समजत होते.

अशा वेळी मार्च २०२३ मध्ये संसदेच्या बजेट ऑफिसरचा अहवाल आला. हे पद कुठल्याही पक्षाचं नाही; खासदारांना सरकारी खर्चाचा स्वतंत्र हिशेब मिळावा म्हणून ते आहे. त्या अहवालात दोन हिशेब होते. पहिला साधा: तुम्ही कर किती भरला आणि परतावा किती मिळाला. त्यात बहुसंख्य कुटुंबं फायद्यात होती. दुसऱ्या हिशेबात कराचा नोकऱ्यांवर, पगारांवर, गुंतवणुकीच्या उत्पन्नावर होणारा अंदाजी परिणाम धरला होता, आणि त्यात बहुसंख्य कुटुंबं तोट्यात जात होती. लिबरल मंत्र्यांनी पहिला आकडा उचलला. कॉन्झर्व्हेटिव्ह नेते पियेर पोइलिएव्ह यांनी दुसरा उचलला आणि ‘ॲक्स द टॅक्स’, म्हणजे कर रद्द करा, ही घोषणा देशभर फिरवली. वृत्तपत्रांनीही आपापल्या कलानुसार मथळा निवडला. अहवाल एकच, आणि दोन घरांत दोन वेगळे देश वाचले गेले.

पुढचा भाग तर आणखी कमी लोकांपर्यंत पोहोचला. एप्रिल २०२४ मध्ये त्याच कार्यालयाने आपल्या संकेतस्थळावर कबूल केलं की दुसऱ्या हिशेबात चूक झाली: घरगुती इंधनावरच्या कराबरोबर उद्योगांवरच्या कार्बन शुल्काचा परिणामही त्यात मिसळला गेला होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुधारित अहवाल आला आणि अर्थव्यवस्थेवरच्या परिणामाचा अंदाज आधीपेक्षा लहान निघाला. हवामानबदलामुळे होणारं नुकसान तर या हिशेबांत धरलेलंच नव्हतं. वर्षभर ज्या आकड्यावर संसदेत आरडाओरडा झाला, त्याची दुरुस्ती झाली तेव्हा त्याला तेवढी जागा मिळाली नाही. १४ मार्च २०२५ रोजी लिबरल पक्षाचे मार्क कार्नी पंतप्रधान झाले, पहिल्याच दिवशी त्यांनी घरगुती कार्बन कर शून्यावर आणण्याची घोषणा केली आणि १ एप्रिलपासून तो गेला.

मी त्या कराच्या बाजूने होते, हे उघड सांगते. पण दुसरा हिशेब लपवणाऱ्या माझ्या बाजूच्या लोकांचाही मला तितकाच राग आला. नोकरीवर होणारा परिणाम हा खरा प्रश्न होता, विचारायलाच हवा होता. तो बाजूला सारला गेल्यामुळेच घोषणेला एवढी ताकद मिळाली.

दुसरं उदाहरण आपल्या मनाला जास्त लागणारं आहे: परदेशी विद्यार्थ्यांचं. २०२३ आणि २०२४ मध्ये घरभाडी भडकली आणि बातम्यांत कॉलेजातली आपली मुलं दिसू लागली. बेसमेंटमध्ये गाद्या अंथरून राहणारी, फूड बँकेच्या रांगेत उभी असलेली. ती चित्रं खोटी नव्हती. पुण्याहून, नाशिकहून, नागपूरहून घर गहाण टाकून आलेली मुलं या भागात खरंच तशी राहत होती. २२ जानेवारी २०२४ रोजी केंद्राने अभ्यास परवान्यांवर मर्यादा घातली: त्या वर्षी सुमारे ३,६०,०००, म्हणजे आधीच्या वर्षापेक्षा ३५ टक्के कमी. त्याच महिन्यापासून खर्चासाठी दाखवायची रक्कम १०,००० वरून २०,६३५ डॉलर झाली. मथळ्यांचा सूर असा, की केंद्राने दार सताड उघडं टाकलं, मुलं आली, घरं संपली.

यात राहून गेलं ते प्रांताचं नाव. परवाना केंद्र देतं, पण कॉलेजं प्रांताची. ऑंटारियो सरकारने २०१९ मध्ये इथल्या विद्यार्थ्यांची फी १० टक्के कमी केली आणि मग ती गोठवून ठेवली. इथल्या पालकांना ते सोयीचं होतं. पण कॉलेजांचा खर्च थांबला नव्हता. प्रांताचं अनुदान पुरत नव्हतं. खड्डा कुणी भरला? प्रांताच्याच ऑडिटर जनरलने २०२१ मध्ये सांगितलं होतं की सरकारी कॉलेजांच्या फीच्या उत्पन्नातला ६८ टक्के वाटा परदेशी विद्यार्थ्यांकडून येतो. म्हणजे ऑंटारियोच्या मुलांचं शिक्षण स्वस्त ठेवण्याचा भार नाशिकच्या एखाद्या बापाच्या कर्जावर होता. हा अहवाल प्रसिद्ध होता, कुणाही वार्ताहराला हाताशी होता. तरीही ज्या वर्षी लोकांचा राग उसळला, त्या वर्षी तो राग विद्यार्थ्यांवर आणि ओटावावर, म्हणजे केंद्रावर गेला. क्वीन्स पार्क, म्हणजे ऑंटारियोचं सरकार, बरंचसं सुटलं. केंद्राचा दोष आहेच, एवढे परवाने देताना ही मुलं राहणार कुठे हे त्यांनी पाहिलं नाही. पण अर्धा दोष प्रांताचा, आणि तो अर्धा भाग सांगितला की आपल्या मुलांकडे बघण्याची नजर बदलते. म्हणून मी हे पुन्हा पुन्हा सांगते.

आता पैशाचा मुद्दा. सीबीसीला संसदेकडून २०२४-२५ मध्ये सुमारे १.४ अब्ज डॉलर मिळाले, हे खरं. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचं म्हणणं, इंग्रजी सीबीसीचा निधी बंद करा, फ्रेंच रेडिओ-कॅनडा ठेवा. कार्नींनी उलट १५ कोटी डॉलर वाढवून देण्याचं वचन दिलं. पण सरकारी मदत खासगी वृत्तपत्रांनाही मिळते. पात्र वृत्तपत्रांना पत्रकारांच्या पगारावर कर-सवलत आहे. २०२३ मध्ये तिची मर्यादा एका पत्रकारामागे वर्षाला १३,७५० वरून २९,७५० डॉलरवर नेली. नॅशनल पोस्टची मालक कंपनी पोस्टमीडियाही ती सवलत घेते, आणि तिची वृत्तपत्रं सरकारवर कडाडून टीकाही करतात. म्हणजे सरकारी पैसा घेतला की तोंड बंद होतं, हे इतकं सरळ नाही. त्याच पोस्टमीडियाची मोठी मालकी एका अमेरिकी हेज फंडाकडे, म्हणजे गुंतवणूक कंपनीकडे आहे, आणि मालकाचा हातही कधीकधी दिसतो. २०१५ च्या निवडणुकीत साखळीतल्या वृत्तपत्रांनी कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला पाठिंबा दिला. नॅशनल पोस्टचे मत-पानांचे संपादक अँड्र्यू कोयन यांना वेगळं मत मांडायचं होतं, ते छापू दिलं नाही, म्हणून त्यांनी ते पद सोडलं. त्याच निवडणुकीत टोरोंटो स्टारचा पाठिंबा लिबरलांना होता. पण हे सगळं संपादकीय पानावरचं. आपण मात्र संपादकीय, स्तंभ आणि वार्ताहराची बातमी एकाच तागडीत टाकतो.

बातमीतही चूक होते, आणि झाली तर ती माफ करू नये. सप्टेंबर २०२४ मध्ये सीटीव्ही या खासगी वाहिनीच्या राष्ट्रीय बातम्यांत पोइलिएव्ह यांच्या बोलण्याचे तुकडे असे जोडले, की ते दंतोपचार योजनेवरून सरकार पाडायला निघालेत असं वाटावं. ते प्रत्यक्षात कार्बन करावर बोलत होते. वाहिनीने माफी मागितली, दोन कर्मचारी गेले. त्या पक्षाचा संताप रास्त होता. पण त्यानंतर २०२५ च्या प्रचारात पत्रकारांना नेत्याच्या विमानात जागा न देणं, मोजकेच प्रश्न घेणं, हे मला मान्य नाही. पंतप्रधान होऊ पाहणाऱ्या माणसाला उलटा प्रश्न विचारता आलाच पाहिजे, विचारणारा आवडो न आवडो.

या सगळ्यापेक्षा मला जास्त घोर लागतो तो वेगळाच. ब्रॅम्प्टन गार्डियन आणि मिसिसागा न्यूज ही आपल्या शहरांची वृत्तपत्रं आठवतात? सेलच्या पत्रकांच्या गठ्ठ्यासकट दारात पडायचे. आपण पत्रकं काढून कुपनं बघायचो, पण आत शहराच्या कौन्सिलमध्ये काय ठरलं, कुठल्या प्लॉटवर काय बांधणार, शाळेच्या हद्दी कशा बदलणार, हे छापलेलं असायचं. सप्टेंबर २०२३ मध्ये मेट्रोलँड कंपनीने अशा ७० हून अधिक साप्ताहिकांची छपाई थांबवली, ६०५ लोकांच्या नोकऱ्या गेल्या. ही दोन्ही नावं आता फक्त ऑनलाइन आहेत. मालमत्ता कर वाढला की व्हॉट्सॲपवर आपण ओटावाला शिव्या घालतो, तेव्हा तो कर लावणाऱ्या कौन्सिलच्या बैठकीत बसलेला वार्ताहर आधीच घरी गेलेला असतो. वार्ताहरच नसेल तर बातमी डावीकडे झुकली की उजवीकडे, हा वाद घालायला बातमी आणायची कुठून?

त्यातच फेसबुक. जून २०२३ मध्ये संसदेने कायदा केला, की गूगल आणि फेसबुकची मालक मेटा यांसारख्या कंपन्यांनी बातम्यांसाठी वृत्तसंस्थांना मोबदला द्यावा. गूगलने वर्षाला १० कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं. मेटाने १ ऑगस्टपासून कॅनडात फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरून बातम्याच काढून टाकल्या. महाराष्ट्रातल्या वृत्तपत्रांची फेसबुक पानंसुद्धा इथे बसून उघडली तर बातम्या दिसत नाहीत, त्या याचमुळे. दोन आठवड्यांत उत्तरेकडच्या यलोनाइफ शहराजवळ वणवा आला आणि सुमारे २०,००० लोकांना शहर सोडावं लागलं. कुठला रस्ता चालू आहे याची बातमी लोकांना एकमेकांना फेसबुकवरून पाठवता येत नव्हती. तिथल्यासारख्या दूरच्या भागात फेसबुक हाच निरोपाचा मुख्य मार्ग. कंपनीचं ते वागणं मला निर्दय वाटतं. आणि सरकारने, असं होईल अशी धमकी आधीच मिळालेली असताना, दुसरी काही तयारी ठेवली नव्हती, तीही चूकच.

मग आपण काय वाचतो? बातमीचा फोटो. मथळा कापलेला, तारीख नसलेली, कुणाच्या तरी चुलत भावाने पाठवलेली. वर्षापूर्वीचा आकडा आजचा म्हणून फिरतो.

म्हणून मंडळातल्या मित्रमैत्रिणींना विनंती. पुढच्या वेळी कुणी आकडा फेकला, तर तो कुठल्या कागदातला, केंद्राचा की प्रांताचा, एवढं विचारा. बजेट ऑफिसरचे अहवाल फुकट वाचता येतात, सुरुवातीचा सारांश एक-दोन पानांचा असतो. संसदेतली प्रश्नोत्तरं सीपॅक वाहिनीवर कुणाच्याही टिप्पणीशिवाय दिसतात.

सीबीसीचा निधी बंद करू नये, या मताची मी आहे. पण वाढीव पैशातला मोठा हिस्सा टोरोंटो आणि ओटावाच्या इमारतींत न जाता ब्रॅम्प्टनसारख्या शहरांत, कौन्सिलच्या बैठकींना बसणाऱ्या वार्ताहरांवर खर्च व्हावा, अशी अट संसदेने घालावी. हे मी माझ्या खासदारांना लिहून पाठवलं आहे, आणि फेसबुकवर बातम्या परत येण्यासाठी सरकार काय करतंय हेही विचारलं आहे. तुमचं मत माझ्या उलट असेल तर तेही लिहा. हाउस ऑफ कॉमन्सच्या पत्त्यावर खासदाराच्या नावे पाठवलेल्या पत्राला टपाल तिकीट लागत नाही.

नमस्कार.