ग्रॅहमला हरवलेत, पण अंगावर कोणते सोल होते?

नमस्कार मंडळी. हातातल्या कन्सोलवरील जुन्या खेळांविषयी मी मागे एक व्हिडिओ केला होता. तेव्हापासून त्याखाली एकच तक्रार निरनिराळ्या शब्दांत येत आहे. ‘कॅसलव्हेनिया : आरिया ऑफ सॉरो’ हा खेळ शेवटी गुंडाळल्यासारखा वाटतो, असे अनेकांचे म्हणणे आहे, खलनायक पडतो, वाडा कोसळतो आणि श्रेयनामावली वर सरकू लागते. एका प्रेक्षकाने तर ‘दादा, तुमच्या नादाने पैसे घालवले’ असे लिहिले आहे. या सर्वांना मी एकच प्रतिप्रश्न विचारतो : ग्रॅहमला, म्हणजे त्या खलनायकाला, हरवताना तुमच्या अंगावर कोणते तीन सोल, म्हणजे शत्रूंकडून मिळवलेले आत्मे, होते?

ज्यांना खेळ मुळीच ठाऊक नाही, त्यांच्यासाठी ओळख भराभर उरकतो. कोनामी कंपनीने २००३ मध्ये गेम बॉय ॲडव्हान्सकरिता हा खेळ काढला, त्याचे निर्माते कोजी इगाराशी आणि संगीतकारांत प्रमुख मिचिरु यामाने. त्याच यंत्रावर २००१ मध्ये ‘सर्कल ऑफ द मून’ आणि २००२ मध्ये ‘हार्मनी ऑफ डिसोनन्स’ हे या मालिकेतील दोन खेळ आधी येऊन गेले होते. नायक सोमा क्रुझ हा जपानमध्ये शिकणारा विद्यार्थी आहे. मैत्रीण मिना हाकुबा हिच्या घराण्याच्या देवस्थानात तो सूर्यग्रहण पाहायला जातो आणि शुद्धीवर येतो तो ड्रॅक्युलाच्या वाड्यात. वाडा एकसंध आहे, पण बंद दारे, उंच कठडे आणि पाणी यांनी वाटा अडवलेल्या आहेत. नवी शक्ती मिळाली की जुन्या, सोडून दिलेल्या कोपऱ्यात परतायचे, अशी त्याची रीत आहे. माल्फासचा सोल मिळाला की हवेत दुसरी उडी मारता येते, अनडाइनचा मिळाला की पाण्याच्या पृष्ठभागावरून चालता येते. नकाशा, सेव्ह रूम, लेव्हल या गोष्टी खेळताना आपोआप समजतात, त्यांवर मी वेळ घालवत नाही.

ग्रहणावर मात्र थोडा वेळ घालवणार आहे, कारण ‘ग्रहणाचा संबंध काय?’ असे पुष्कळांनी विचारले आहे. खेळातील कथेप्रमाणे १९९९ मध्ये ड्रॅक्युलाचा कायमचा पाडाव झाला आणि त्याचा वाडा सूर्यग्रहणात कोंडण्यात आला. सोमाची कथा घडते ती २०३५ मध्ये. आता पंचांग पाहा. ११ ऑगस्ट १९९९ रोजी खरोखरच खग्रास सूर्यग्रहण झाले होते, आणि त्याची सावली रुमानियावरून, म्हणजे ड्रॅक्युलाच्या दंतकथेच्या माहेरावरून, पुढे येत गुजरातपर्यंत पोहोचली होती. २ सप्टेंबर २०३५ रोजी जपानमधून खग्रास ग्रहण दिसणार आहे. ही वर्षे सहज सुचली असतील असे मला वाटत नाही. त्या १९९९ च्या ग्रहणाच्या दिवशी आषाढी अमावास्या होती, मी बारा वर्षांचा होतो आणि डोंबिवलीच्या आमच्या चाळीत आजीने पाण्याच्या प्रत्येक भांड्यात तुळशीचे पान टाकून आम्हां भावंडांना घराबाहेर पडायला सक्त मनाई केली होती. आकाशात पावसाळी ढग, खालच्या रस्त्यावरून ‘दे दान, सुटे गिराण’ अशी आरोळी, आणि घरात उपाशी बसलेलो आम्ही. पुढे काही वर्षांनी सोमा ग्रहणात अडकलेला पाहिला, तेव्हा मला त्याची परिस्थिती लगेच समजली.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. या खेळात जवळजवळ प्रत्येक शत्रूचा सोल सोमाला मिळू शकतो. त्यांचे चार प्रकार आहेत. लाल सोल हल्ल्याचे, निळे सोबतीचे किंवा रूपांतराचे, पिवळे अंगभूत गुण वाढवणारे, आणि चौथे मघाशी सांगितलेल्या उडीसारख्या कायमच्या क्षमता देणारे. पहिल्या तीन रंगांचा प्रत्येकी एकच सोल एका वेळी धारण करता येतो. वाड्याच्या अखेरीस ग्रॅहम जोन्स या मनुष्याशी गाठ पडते. त्याला हरवताना लाल जागी फ्लेम डेमन, निळ्या जागी जायंट बॅट आणि पिवळ्या जागी सक्युबस हे तीन सोल एकाच वेळी धारण केलेले असतील, तरच कथा पुढे सरकते. एरवी जो शेवट दिसतो तो तुम्हाला गुंडाळल्यासारखा वाटला, आणि तसा वाटणे स्वाभाविक आहे, कारण तो खोटा शेवट आहे.

‘माझ्याकडे तिन्ही होते, तरीही काही झाले नाही’ असे लिहिणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि या वाक्यातील ‘माझ्याकडे’ हा शब्द मला झोपू देत नाही. कपाटात पैठणी असणे आणि ती नेसून लग्नाला जाणे यांत जो फरक आहे, तोच फरक येथे आहे. सोल संग्रहात असून उपयोग नाही, तिन्ही रंगांच्या तिन्ही जागांवर ते चढवलेले असले पाहिजेत. दुसरी चूक वेळेची. ग्रॅहमसमोर जाईपर्यंत हे तिन्ही सोल अंगावर असतात, पण लढाई अवघड होऊ लागताच खेळणारा मेनू उघडतो, सक्युबस काढून आपला आवडता, ताकद वाढवणारा पिवळा सोल घालतो आणि तसाच ग्रॅहमला पाडतो. शेवटचा घाव बसतो त्या क्षणी अंगावर काय आहे, एवढाच प्रश्न आहे. म्हणून माझा सल्ला असा की शेवटच्या सेव्ह रूममध्ये खेळ जतन करावा, तेथेच तिन्ही सोल चढवावेत आणि ग्रॅहम पूर्णपणे पडेपर्यंत मेनूला हात लावू नये. हरलात तर सेव्ह रूम आहेच.

तरीही कोणी विचारेल की हेच तीन का, शेकडो शत्रूंमधून नेमके हेच कसे ओळखायचे. वाड्यात ‘प्राचीन ग्रंथ’ नावाची तीन पुस्तके मिळतात आणि त्यांत याची सूचना आहे. पण आपले बहुतेक प्रेक्षक वस्तूंचे वर्णन न वाचता पुढे जातात, यात मीही आलो. पुस्तके बाजूला ठेवून साधा विचार करा. फ्लेम डेमन आगीचे गोळे फेकू देतो, जायंट बॅट वटवाघूळ बनवतो, सक्युबस समोरच्यावर घाव घालताना त्याचे प्राण शोषून घेऊ देतो. आग, वटवाघूळ, रक्तशोषण. ज्याच्या वाड्यात आपण हिंडत आहोत, त्या मालकाविषयी तुम्ही लहानपणापासून काय ऐकले आहे? ही तिन्ही लक्षणे एका विद्यार्थ्याच्या अंगावर एकत्र आली की काय होते, हे मी सांगणार नाही. मागच्या व्हिडिओखाली एका सज्जनांनी ते सर्वांत वरच्या प्रतिक्रियेत लिहून टाकले होते, ती मी काढून टाकली आणि पुन्हा लिहिली तर पुन्हा काढून टाकीन. खेळ वीस वर्षांहून जुना झाला म्हणून तो पहिल्यांदा खेळणाऱ्याचा आनंद जुना होत नाही.

सोल मिळतच नाही, ही दुसरी तक्रार रास्त आहे. शत्रू मारला की सोल मिळेलच असे नाही, तो नशिबाचा भाग आहे. खोलीतून बाहेर पडून पुन्हा आत आलात की शत्रू पुन्हा उभे राहतात. तेव्हा दाराजवळचा शत्रू निवडावा, मारावा, बाहेर पडावे, आत यावे. हॅमर नावाच्या दुकानदाराकडे मिळणारी सोल ईटर रिंग ही अंगठी महाग आहे, पण तिच्यामुळे सोल मिळण्याची शक्यता वाढते.

मी स्वतः हा खेळ कॉलेजच्या काळात डोंबिवली ते दादर जलद लोकलमध्ये खेळलो. पहिल्या गेम बॉय ॲडव्हान्सच्या पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता. त्या वेळी जलद गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जात असत, आणि बोगदा आला की लढाई जिथे असेल तिथे थांबवावी लागे, कारण वाडा आणि बोगदा यांतला फरकच उरत नसे. ती कॅसेट मी दक्षिण मुंबईतल्या एका गाळ्यावरून स्वस्तात घेतली होती. ती नकली निघाली. खेळ जतन झाल्याचे ती सांगत असे आणि दुसऱ्या दिवशी सर्व काही कोरे असे. सक्युबसचा सोल मी चार वेळा मिळवला आहे, म्हणून तुमची तक्रार मी हसण्यावारी नेत नाही.

ती वेळ आता तुमच्यावर येण्याचे कारण नाही. २०२१ मध्ये आलेल्या ‘कॅसलव्हेनिया ॲडव्हान्स कलेक्शन’ या संचात हा खेळ आणि त्याआधीचे ते दोन्ही खेळ आहेत, आणि तो स्विच, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स तसेच संगणकावर चालतो. त्यात खेळ हवा तिथे जतन करता येतो आणि काही क्षण मागेही नेता येतो. तेव्हा ज्या दादांचे पैसे माझ्या नादाने गेले, त्यांनी ग्रॅहमच्या आधीचा सेव्ह उघडावा, तिन्ही सोल चढवावेत आणि पुन्हा त्याच्यासमोर जावे. वाड्याचा एक भाग त्यांनी अजून पाहिलेलाच नाही, आणि तेथे शिरण्यापूर्वी पिशाच्चांचा शिकारी ज्युलियस बेलमाँट हातात चाबूक घेऊन त्यांची वाट पाहत उभा आहे.