किती रोजगार? प्रादेशिक अर्थकारणाची जोडप्रतिमानं

[दृश्य: उभा राहणारा कारखाना, मालाने भरलेले ट्रक]

एखाद्या प्रदेशात मोठा कारखाना येणार असं जाहीर होतं आणि पहिला प्रश्न येतो, रोजगार किती? हिशेब कोणत्या प्रतिमानाने, म्हणजे अर्थव्यवस्थेच्या कोणत्या गणिती नमुन्याने केला, यावर हा आकडा बदलतो.

अर्थतज्ज्ञ वॅसिली लिओन्टिएफ यांनी 1936 मध्ये इनपुट-आउटपुट पद्धत मांडली. कोणतं क्षेत्र कोणाकडून किती माल घेतं, ते तिच्या तक्त्यात दिसतं. पोलादाची मागणी वाढली, की कोळसा, वीज, वाहतूक किती लागेल याचा माग अगदी मागच्या पुरवठादारापर्यंत काढता येतो. पण तक्ता धरून चालतो, की कामगार हवे तेवढे मिळतील आणि किमती जागच्या हलणार नाहीत. नवा कारखाना जास्त पगार देऊन शेजारच्या कारखान्यातली माणसं ओढतो, तेव्हा तिथलं नुकसान हिशेबात येतच नाही. रोजगाराचा आकडा फुगतो.

सर्वसाधारण समतोलाचं प्रतिमान सगळ्या बाजारांतली मागणी आणि पुरवठा एकाच वेळी जुळवतं, त्यामुळे त्यात मजुरी आणि किमती हलतात. अर्थतज्ज्ञ लीफ योहानसेन यांनी 1960 मध्ये नॉर्वेच्या अर्थव्यवस्थेसाठी असं प्रतिमान बांधलं. काळाची चाल मात्र अर्थमिती, म्हणजे आकडेवारीवर बसवलेली समीकरणं, जास्त चांगली टिपते, कारण ती मागच्या वर्षांच्या आकड्यांतून शिकते.

[दृश्य: तक्ता आणि आलेख बाणांनी जोडले जातात]

मग ही प्रतिमानं जोडायची. अर्थमिती कुटुंबांच्या खर्चाचा अंदाज देते, तो तक्त्यात जातो. तक्ता क्षेत्रवार उत्पादन आणि रोजगार देतो, त्यातून उत्पन्न निघतं. हे उत्पन्न पुन्हा खर्चाच्या समीकरणात. आकडे स्थिर होईपर्यंत ही फेरी चालते. प्रादेशिक विज्ञानाचा पाया घालणारे वॉल्टर आयसार्ड यांनीही 1960 मध्येच निरनिराळ्या पद्धती जोडण्याच्या वाटा दाखवल्या होत्या.

खरी अडचण आकड्यांची. देशाच्या सीमेवर मालाची नोंद होते. एका देशातल्या दोन प्रदेशांमध्ये तशी जकात चौकी सहसा नसते. त्यामुळे बाहेरून किती माल येतो याचा अंदाजच बांधावा लागतो, बहुधा राष्ट्रीय तक्त्याला स्थानिक रोजगाराच्या प्रमाणात कात्री लावून. तो अंदाज चुकला, तर जोडलेल्या प्रतिमानात ती चूक प्रत्येक फेरीत फिरते. म्हणून जोडणीआधी बाहेरून येणाऱ्या मालाचं एवढं एक कोष्टक स्थानिक पाहणीतून तपासायलाच हवं, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

दोन प्रतिमानांची उत्तरं जुळली नाहीत, तर सरासरी काढून मोकळं होऊ नये. त्या प्रदेशात कामाच्या शोधात असलेले लोक किती, त्यांच्याकडे लागणारं कौशल्य आहे का, बाहेरून कोणी येईल का, हे आधी विचारावं. दोन आकड्यांमधलं बरंचसं अंतर तिथूनच येतं.