पाच मिलीचा हिशेब

(दृश्य : तालुक्याच्या गावातलं मेडिकल. संध्याकाळची गर्दी.)

संध्याकाळी सातच्या पुढे मेडिकलवर कुणाला मान वर करायला फुरसत नसते. दवाखान्यातून आलेली माणसं चिठ्ठ्या पुढे करतात, कुणाला शेवटची एसटी गाठायची असते. त्यातच तापलेलं मूल कडेवर घेऊन एक बाई म्हणते, "दादा, बाळाचं तापाचं औषध द्या. मागं नेलं होतं तेच."

"ताई, बाळाचं वजन किती?"

रांगेतल्यांना हा प्रश्न वेळखाऊ वाटतो. पण लहान मुलांना पॅरासिटामॉल वजनावर देतात. किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, एका वेळेला. आठ किलोच्या बाळाला फार तर १२०.

(दृश्य : काउंटरवर शेजारी शेजारी तीन बाटल्या.)

आता या बाटल्या बघा. एका सिरपच्या पाच मिलीत १२० मिलिग्रॅम औषध आहे, दुसऱ्याच्या पाच मिलीत २५०. तिसरी बाटली सगळ्यांत छोटी, ड्रॉपरची. दिसायला नाजूक, पण तिच्या एकाच मिलीत १०० मिलिग्रॅम. घरी पाच मिलीच्या मापाची सवय झालेल्या आईने या थेंबांचं औषध त्याच मापाने पाजलं, तर बाळाच्या पोटात एकदम ५०० मिलिग्रॅम गेलं. दिवसभरात मिळून जेवढं द्यायचं, त्याहून जास्त, एका घोटात. आणि ताप उतरेना म्हणून दर सहा तासांनी तेच होत राहिलं, तर गाठ यकृताशी आहे.

हा गुणाकार सातवीतला मुलगाही करील. तो बाटली हातात देण्याआधी करायचा असतो, हे मात्र शिकावं लागतं.

फार्मसी शिकून बाहेर पडणाऱ्याला काय काय यायला हवं, याची यादी अभ्यासक्रमात चांगली लांबलचक आहे. आम्ही ती वाचून दाखवणार नाही. औषध पुढे सरकवण्याआधी तो काय तपासतो, एवढंच बघणार आहोत.

(दृश्य : फार्मसी कॉलेजची प्रयोगशाळा. गोळ्या विरघळण्याची चाचणी करणारं यंत्र.)

डी.फार्म. दोन वर्षांचं आणि वर पाचशे तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण. बी.फार्म. चार वर्षांचं, आठ सत्रं. २००८ पासून फार्म.डी.सुद्धा आहे. सहा वर्षं, त्यातलं शेवटचं रुग्णालयात. मुलं रसायनशास्त्र शिकतात, अडुळशाच्या पानाचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली ओळखतात, गोळी किती मिनिटांत विरघळते ते मोजतात.

बी.फार्म. आपल्याकडे १९३७ साली बनारस हिंदू विद्यापीठात सुरू झालं, प्राध्यापक महादेव लाल श्रॉफ यांच्या पुढाकाराने. देशाला तेव्हा औषधं बनवणारी माणसं हवी होती, त्यामुळे शिक्षणाचं तोंड कारखान्याकडे राहिलं. त्या काळाला ते रास्तच होतं, पुढे देशातला औषध उद्योग उभा राहिला तो अशाच माणसांच्या बळावर. पण काउंटरवर उभं राहून रुग्णाशी बोलायचं कसं, हा विषय कितीतरी वर्षं मागच्या बाकावर बसून होता. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी तो कागदावर तरी पुढे आणला. औषध कशासाठी आहे, कसं घ्यायचं, काय त्रास होऊ शकतो, कुठे ठेवायचं, एखादा डोस चुकला तर काय करायचं, हे रुग्णाला सांगणं आता फार्मासिस्टच्या कामात मोडतं. तुम्हाला हे शेवटचं कुणी कधी सांगितलं, आठवून बघा.

(दृश्य : फ्रीजमधून काढलेली इन्सुलिनची बाटली. दोन सिरिंज, एकीला लाल टोपण, दुसरीला केशरी.)

इन्सुलिनचं बोलू या, कारण इथे चूक सुईच्या टोपणाच्या रंगात लपलेली असते.

आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक वेळा एका मिलीत ४० युनिटचं असतं. पेनमध्ये घालायचं काट्रिज १०० युनिटचं. सिरिंजही दोन जातींच्या. लाल टोपणाची ४० साठी, केशरी टोपणाची १०० साठी. समजा, एका काकांना वीस युनिट घ्यायचे आहेत. बाटली ४० ची आणि दुकानातून मिळाली केशरी सिरिंज. काका नेमाने वीसच्या रेघेपर्यंत औषध ओढतात. त्या रेघेपर्यंत येतं ०.२ मिली, म्हणजे अंगात जातात फक्त आठ युनिट. साखर उतरत नाही. डॉक्टर डोस वाढवतात, पुन्हा वाढवतात. मग एके दिवशी दुसऱ्या दुकानात कुणीतरी बरोबर लाल सिरिंज देतो, आणि वाढवलेला डोस पहिल्यांदाच पुरता अंगात जातो. साखर धाडकन खाली. काका चक्कर येऊन पडतात. आणि ज्याने योग्य सिरिंज दिली त्याच्यावरच घरचे चिडतात!

हे टाळायला फार विद्वत्ता लागत नाही. "काका, बाटली दाखवा बरं," एवढं म्हणता आलं पाहिजे. पुढचं सांगणंही सोपंच. इन्सुलिन फ्रीजमध्ये दोन ते आठ अंशांवर, बर्फाच्या कप्प्यात नाही. गोठलं तर टाकून द्यायचं. घरी फ्रीज नसेल तर मातीच्या भांड्यात, भोवती ओली वाळू ठेवून. शेवटची गोष्ट पुस्तकापेक्षा गावाकडच्या माणसाला लवकर सुचेल.

(दृश्य : चिठ्ठीवरचं अस्पष्ट अक्षर. फोन उचलणारा हात.)

आता सगळ्यांत अवघड कौशल्य. डॉक्टरांना फोन करणं.

संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट नावाची गोळी देतात. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची. चिठ्ठीवर चुकून 'रोज एक' पडलं, किंवा फार्मासिस्टने तसं वाचलं, तर काही दिवसांतच तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घटतात, जीवही जातो. चिठ्ठी बघून ज्याच्या मनात पाल चुकचुकते, तो शिकलेला. आणि ती चुकचुकल्यावर, डॉक्टर चिडतील हे ठाऊक असूनही नंबर फिरवतो, तो तयार झालेला. वीस-बावीस वर्षांच्या पोराला गावातल्या नामांकित डॉक्टरांना "साहेब, रोज की आठवड्याला?" असं विचारायचं धाडस कॉलेजात कोण देतं? आमच्या मते तोंडी परीक्षेत हाच प्रसंग उभा करायला हवा.

ब्रँडच्या नावांचा घोळ वेगळाच. फाल्सिगो आणि फाल्सिटॅब या दोन नावांवरून वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. २००१ च्या त्या निकालात न्यायालयाने म्हटलं की औषधांच्या नावांतल्या गोंधळाकडे इतर मालापेक्षा जास्त कडक नजरेने पाहिलं पाहिजे. कारण उघड आहे. साबण चुकीचा आला तर बदलून घेता येतो.

नाही म्हणणंही यायला हवं. "दोन दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या द्या, चिठ्ठी नंतर आणतो," हे वाक्य प्रत्येक काउंटरवर ऐकू येतं. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-वन ही औषधांची यादी लागू आहे. त्यातली अँटिबायोटिक्स आणि क्षयरोगाची औषधं देताना डॉक्टरचं, रुग्णाचं नाव आणि औषध किती दिलं ते वेगळ्या वहीत लिहायचं, वही तीन वर्षं जपायची. नियम इतका स्पष्ट आहे, तरी ओळखीच्या गिऱ्हाइकासमोर तो पाळताना जीभ जड होते.

आणि काही ठिकाणी जीभ जड व्हायला फार्मासिस्ट जागेवरच नसतो. त्याचं प्रमाणपत्र भिंतीवर, तो स्वतः दुसऱ्या गावी. सर्टिफिकेट भाड्याने देणं म्हणतात याला. कायद्याने चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं असतं. तोच नसेल, तर वजन कुणी विचारायचं?

(दृश्य : औषध कारखाना. कच्च्या मालाची निळी पिंपं.)

सगळेच पदवीधर काउंटरवर जात नाहीत. कितीतरी जण कारखान्याच्या गुणवत्ता विभागात जातात. तिथे गिऱ्हाईक दिसत नाही, दिसतात फक्त पिंपं आणि कागद.

१९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होतं, मूत्रपिंडं निकामी करणारं औद्योगिक द्रावक. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून अन्न व औषध प्रशासनापर्यंत सगळ्यांवर ताशेरे ओढले. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी, २०२५ मध्ये, मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या सिरपने लहान मुलं गेली. त्यांतल्या अनेकांना उपचारांसाठी नागपूरला आणलं होतं. विष तेच. त्याचं प्रमाण ०.१ टक्क्याच्या वर जाता कामा नये. नमुन्यात सापडलं ४८ टक्क्यांहून जास्त.

हा आकडा काढायला यंत्र लागतं. पण पिंप आत घेताना त्यातला नमुना काढायचा, चाचणी लावायची, आणि अहवाल हातात येईपर्यंत, वरून कितीही घाई झाली तरी, 'वापरास योग्य' या रकान्यात सही करायची नाही, हे काम माणसाचं आहे. आणि त्या खुर्चीवर बऱ्याचदा बी.फार्म. झालेलाच कुणीतरी बसलेला असतो.