नेतो, पण कुठे?

श्रोतेहो, नमस्कार.

डिसेंबर लागला की आमच्या माहीमच्या घरात खिडकीचे गज पुसायचं फडकं दिवसाआड बदलावं लागतं. सकाळी पुसावं, तर संध्याकाळी बोटाला पुन्हा काळं. शेजारच्या काकूंचं यावर ठरलेलं वाक्य असतं, "आपलं दिल्लीसारखं नाही हो. समुद्र आहे ना, वारा नेतो सगळं." मीही कित्येक वर्षं मान डोलावली. मग एकदा वाटलं, नेतो, पण कुठे?

हाच माग काढणाऱ्या एका शास्त्रज्ञाबद्दल आज सांगायचं आहे. वीरभद्रन रामनाथन, मूळचे तमिळनाडूचे. तरुणपणी ते सिकंदराबादला फ्रिजच्या कारखान्यात इंजिनिअर होते. काम काय, तर फ्रिजमधला वायू का गळतो ते शोधायचं. पुढे अमेरिकेत गेले आणि १९७५ मध्ये त्यांनीच दाखवून दिलं, की गळणारे ते क्लोरोफ्लुरोकार्बन वायू हवेत उष्णता अडवून धरतात, तेही कार्बन डायऑक्साइडपेक्षा रेणूमागे १०,००० पटींनी जास्त. ज्याची गळती थांबवायला पगार मिळत होता, त्यानंच नाव मिळवून दिलं!

पण आपल्या गजांशी संबंध आहे तो त्यांच्या १९९९ च्या मोहिमेचा. 'इंडोएक्स' तिचं नाव. जानेवारी ते मार्च, म्हणजे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो त्या दिवसांत, अनेक देशांचे शास्त्रज्ञ विमानं आणि जहाजं घेऊन हिंदी महासागरावर गेले. आपलं 'सागर कन्या' जहाजही त्यात होतं. मालदीवच्या एका बेटावर वेधशाळा उभारली होती. आपल्याला वाटतं, भर समुद्रात हवा स्वच्छ असणार. दिसला तो तपकिरी धुरकट थर, सुमारे ३ किलोमीटर उंचीपर्यंत चढलेला आणि जवळजवळ १ कोटी चौरस किलोमीटरवर पसरलेला. त्यातले ८० टक्क्यांपर्यंत कण माणसाच्या उद्योगातून आलेले होते. अर्थात एकट्या मुंबईचे नव्हेत, अख्ख्या दक्षिण आणि आग्नेय आशियाचे.

हवेत तरंगणाऱ्या अशा बारीक कणांना एरोसोल म्हणतात. सगळेच घाणेरडे नसतात. लाटा फुटल्यावर उडणारं मीठ हेही एरोसोलच, आणि असे कण नसते तर ढगांचे थेंब कशाभोवती धरले असते? यातला खोडकर कण म्हणजे काजळी. आजी तुपाच्या दिव्यावर ताटली उपडी ठेवून काजळ धरायची, आठवतंय? ज्योतीला पुरती हवा मिळाली नाही, की न जळलेला कार्बन ताटलीला चिकटायचा. चूल, डिझेलचा ट्रक, भट्टी, पेटवलेला कचरा, सगळीकडे तेच घडतं, फक्त वर ताटली नसते. पवईच्या आयआयटीतल्या चंद्रा वेंकटरामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडलं, की भारतातल्या काजळीचा सर्वांत मोठा वाटा घरगुती चुलींचा. म्हणजे सर्वांत आधी ती चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्याच छातीत जाते.

कोळसा-तेलातल्या गंधकाच्या धुरातून बनणारे सल्फेटचे कण ऊन परतवतात, काजळी ते शोषून घेते. त्यामुळे वरची हवा तापते आणि खाली समुद्रावर ऊन कमी पोचतं. ऊन कमी म्हणजे वाफ कमी, आणि वाफ कमी म्हणजे गाठ थेट आपल्या पावसाशी.

काकूंना मी हे मालदीवचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे आपला केर दुसऱ्याच्या दारात?" हो, पण सगळा तिकडे जातही नाही. आमच्या माहीमच्या कोळ्यांना विचारा. रात्री जमिनीकडून समुद्राकडे सुटतो तो मतलई वारा, दुपारी समुद्राकडून येतो तो खारा वारा. रात्री मतलईनं बाहेर नेलेल्या धुरातला काही भाग दुसऱ्या दिवशी खारा वारा परत घेऊन येतो. थंडीत तर पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते. मग पातेल्यावर झाकण ठेवावं तसा धूर खालीच कोंडतो, आणि खारा वारा उशिरा सुटला तर दुपारपर्यंत हलत नाही.

पीएम २.५, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या-पंचविसाव्या हिश्शाचे कण. त्यांची आपल्याकडची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये सांगितलेली ५. आपली मर्यादा पाळली तरी किती पाळलं म्हणायचं, हे तुम्हीच ठरवा.

एक दिलासा मात्र आहे. कार्बन डायऑक्साइड हवेत शतकानुशतकं राहतो, काजळी जेमतेम आठवडाभर. आज चूल बदलली, भट्टीतलं लाकूड थांबलं, तर फरक पुढच्या पिढीला नाही, आपल्यालाच दिसेल. जुलैत दोन दिवस झोडपून पाऊस पडला, की आमच्या गच्चीवरून सी लिंकची एकेक तार मोजता येते. आत्ता, जानेवारीच्या या सकाळी, त्याचे खांबसुद्धा अंदाजानंच ओळखायचे. काकू म्हणतात, धुकं आहे. हल्ली मात्र त्याही अकरा वाजता गच्चीवर येऊन बघतात, कपडे कुठल्या बाजूला उडतायत ते.