कोब्याची ओल आणि लॅमिनेटच्या फळ्या

नमस्कार श्रोतेहो.

दुकानदार ज्याला ‘वुडन फ्लोअरिंग’ म्हणतो, ते बहुतेक वेळा लॅमिनेट असतं. वर लाकडाच्या छपाईचा पातळ थर, आत लाकडाचे तंतू दाबून केलेला गाभा. या गाभ्याला पाणी लागलं की तो चहातल्या बिस्किटासारखा फुगतो, आणि पुन्हा पहिल्यासारखा होत नाही.

ठाण्याला ओळखीच्यांकडे तळमजल्यावर फेब्रुवारीत लॅमिनेट बसवलं. खालचा कोबा, म्हणजे सिमेंटची जमीन, खणखणीत दिसत होता. ऑगस्टमध्ये फळ्यांचे सांधे वर आले. नळ गळत नव्हता, बाथरूम लांब. ओल आली ती खालून.

आपल्याकडे प्लिंथवर, म्हणजे जोत्यावर, भिंतीत ओलप्रतिबंधक थर देतात. जमिनीखाली मात्र मुरूम, रबल सोलिंग (दगडांचा थर) आणि काँक्रीट, एवढंच. काँक्रीटमध्ये बारीक छिद्रं असतात. दिव्याची वात तेल ओढते, तसं ते मातीतलं पाणी वर ओढतं. उघड्या कोब्यावरून ती ओल हवेत निघून जाते, म्हणून दिसत नाही. वर लॅमिनेट पसरलं की ती तिथेच कोंडते.

तेव्हा कोबा असेल तर प्लास्टिक घालायचंच. 0.2 मिलिमीटर जाडीचा पॉलिथिनचा कागद, दोन पट्टे एकमेकांवर 20 सेंटिमीटर चढवून टेपने चिकटवलेले, कडा भिंतीवर थोड्या वळवून स्कर्टिंगमागे दडवलेल्या. वरच्या मजल्यावर माती नसते हे खरं, पण नवा स्लॅब आणि कोबा वाळायला महिने लागतात. शेकडो रुपयांचा कागद वाचवून हजारोंच्या फळ्या पणाला लावू नयेत, असं मला वाटतं.

आधी तपासून बघायचं तर हातभर प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने कोब्यावर चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी उचला. खाली दव जमलं किंवा कोबा काळपट दिसला, तर काम थांबवा. ही तपासणी पावसाळ्यात करा; एप्रिलमधला कोबा फसवतो. आणि पाइप गळत असेल, भिंतीतून पाणी येत असेल, तर आधी ते बंद करा. कागद वाफ अडवतो, साचलेलं पाणी नाही.

फिटर म्हणेल, ‘साहेब, फोम टाकतोय की!’ फळ्यांखालचा साधा फोम पावलांचा आवाज दाबतो, किरकोळ उंचसखलपणा झाकतो. ओल अडवायला त्याला प्लास्टिकची फिल्म जोडलेली लागते. पहिली फळी बसण्याआधी ती फिल्म स्वतः बघून घ्या.